नदी तापते तेव्हा वीजही थांबते : दक्षिण फ्रान्समधून

तूलूझमध्ये राहायला आल्यापासून उन्हाळ्यात हवामानाच्या अंदाजाबरोबर नदीच्या तापमानाच्या बातम्याही वाचायची सवय लागली आहे. या शहरातून वाहणारी गारोन पुढे गोल्फेश अणुवीज केंद्राजवळून जाते आणि प्रत्येकी सुमारे १,३०० मेगावॉट क्षमतेच्या तिथल्या दोन अणुभट्ट्यांना थंड ठेवण्यासाठी तिचेच पाणी घेतले जाते. केंद्राच्या खालच्या बाजूला नदीचे तापमान २८ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. जून २०२५ अखेरच्या उष्णतेच्या लाटेत ही मर्यादा ओलांडली जाण्याची चिन्हे दिसताच एक अणुभट्टी बंद करण्यात आली.

पाण्याअभावी वीजकेंद्र बंद पडणे मराठी वाचकाला नवे नाही. २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र त्याच कारणाने थांबले होते. गोल्फेशला मात्र नदीत पाणी होते आणि यंत्रेही ठीक होती. आधीच तापलेल्या प्रवाहात आणखी उष्णता सोडून मासे मारायचे नाहीत, एवढ्यासाठी वीजनिर्मिती थांबवली गेली, आणि मला तरी हा नियम योग्यच वाटतो.

फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेतून येत असली, तरी उष्णता आणि नद्यांचा घटलेला प्रवाह यांमुळे २००० सालापासून वर्षाकाठी सरासरी जेमतेम ०.३ टक्के अणुवीज गमवावी लागली आहे. ही सरासरी मात्र फसवी आहे, कारण तूट वर्षभर विखुरलेली नसते. ती लाटेच्या मोजक्या दिवसांत, एअर कंडिशनर चालू असताना येते, आणि तेव्हा इतर अणुभट्ट्याही बंद असतील तर ग्रीडवर खरा ताण पडतो. २०२२ मध्ये नेमके तेच झाले. नळ्यांना गेलेले तडे आणि लांबलेली देखभाल यांमुळे अनेक अणुभट्ट्या आधीच बंद होत्या. म्हणून गोल्फेशसह पाच केंद्रांना तापमानाच्या नियमातून तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या वर्षी अणुवीज सुमारे २७९ अब्ज युनिटपर्यंत घसरली, आणि एरवी शेजाऱ्यांना वीज विकणारा फ्रान्स १९८० नंतर प्रथमच निव्वळ आयातदार ठरला.

तरीही इथल्या ग्रीडची खरी परीक्षा हिवाळ्यातच असते, कारण असंख्य घरे विजेवर ऊबदार ठेवली जातात. पारा एका अंशाने उतरला की मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी ती १,०२,००० मेगावॉटच्या पुढे गेली होती. सौम्य झालेले हिवाळे हा ताण काहीसा हलका करतात, हेही नाकारता येत नाही.

नियोजित सहा नव्या अणुभट्ट्यांपैकी चार समुद्रकाठी आणि दोन रोन नदीकाठी बुजे येथे होणार आहेत. समुद्र नदीइतका तापत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये समुद्रकाठच्या ग्राव्हलिन अणुवीज केंद्रात समुद्राचे पाणी गाळून घेणाऱ्या जाळ्यांत जेलीफिशचे थवे अडकून चार अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या होत्या. रोनचा निर्णय मला अधिक धाडसी वाटतो, कारण या नदीचे उन्हाळी पाणी बऱ्याच अंशी आल्प्सच्या बर्फावर अवलंबून आहे आणि तो बर्फ घटत चालला आहे.