टस्करांची टक्कर

आज गावाच्या वेशीवर दोन टस्कर, म्हणजे सुळेवाले नर हत्ती, भिडले. एकाच्या डोळ्यामागून मद गळत होता, काळा ओघळ पार गालफडापर्यंत. माजावरच्या हत्तीच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक नेहमीच्या कैक पट. त्याच्या आडवं कोण जाणार? आम्ही वाटसरू, पण निघूनही जाववेना. सोबत्यांनी गाडी आडवी लावून रस्ता अडवला, वनखात्याला फोन केला. मी मोबाईल उगारून पुढे धावणाऱ्यांना दंडाला धरून मागे खेचत होतो. (हत्तींपेक्षा ही जमात बेफाम!) फटाके मात्र कुणाला लावू दिले नाहीत, बिथरून थेट वस्तीत शिरले असते. जंगलाकडची बाजू मोकळी ठेवली. शेवटी हरलेला तिकडूनच सटकला, दुसरा त्याच्या मागे. नुकसान म्हणाल तर एक कुंपण आणि माझा बसलेला घसा.