फ्लोरिडातलं राहतं घर आणि मागे राहिलेली माणसं

अमेरिकेतल्या फ्लोरिडात ‘होमस्टेड’ (मालकाचं स्वतःचं राहतं घर) म्हटलं की बहुतेकांना मालमत्ता करातली सूट आठवते. ती वेगळी. मालक गेल्यावर घरच्यांच्या कामी येतं ते राज्यघटनेच्या दहाव्या अनुच्छेदातलं चौथं कलम. त्याखाली शहरहद्दीत अर्धा एकर, बाहेर १६० एकरपर्यंतच्या जमिनीवरचं राहतं घर सुरक्षित राहतं. घराच्या किमतीला मर्यादा नाही. मृताची क्रेडिट कार्डं किंवा हॉस्पिटलची बिलं थकलेली असली तरी घेणेकऱ्यांना या घराला हात लावता येत नाही, आणि हे कवच जोडीदाराकडे वा वारसांकडे तसंच उतरतं. गृहकर्ज, कर आणि त्याच घराच्या बांधकाम-दुरुस्तीचं देणं मात्र सुटत नाही.

घोटाळे होतात ते मृत्युपत्रामुळे. ‘घर विकून पैसे वाटावेत’ असा आदेश लिहिला, की कवच गेलं. घर मित्राच्या नावे केलं तरी तेच.

त्याहून मोठी चूक म्हणजे बायको हयात असताना घर थोरल्या मुलाला लिहून देणं. तिने आपला हक्क लेखी सोडलेला नसेल तर ती तरतूद चालत नाही. बायकोला हयातभर राहण्याचा हक्क मिळतो, पुढची मालकी वंशजांकडे जाते. ऐकायला बरं वाटतं, पण कर, विमा आणि कर्जाचं व्याज तिच्या माथी, आणि एकटीला पूर्ण घर विकता येत नाही. वंशजांत अल्पवयीन कुणी असेल तर गुंता आणखी वाढतो.

यावर एक पर्याय आहे: हयातीच्या हक्काऐवजी निम्मी मालकी घेणं. मुदत मृत्यूपासून ६ महिने. नुसतं वकिलाला कळवून भागत नाही; जमिनीच्या कायदेशीर वर्णनासह निवडीची नोटीस काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अधिकृत नोंदींत दाखल व्हावी लागते. एकदा केलेली निवड मागे घेता येत नाही. त्यानंतर खर्च हिश्श्याप्रमाणे वाटला जातो.

अर्थात आधी खरेदीखत काढून बघा. पती-पत्नी म्हणून दोघांच्या नावे एकत्र घेतलेलं घर थेट मागे राहिलेल्या जोडीदाराचं होतं, तिथे यातलं काहीच लागू नाही.

नाहीतर प्रोबेट कोर्टात (मृताच्या मालमत्तेचं काम बघणाऱ्या न्यायालयात) होमस्टेड ठरवण्याचा अर्ज करून आदेश घ्या. कवच आदेशाने निर्माण होत नाही, ते मृत्यूच्या क्षणीच लागू झालेलं असतं. पण विक्रीच्या वेळी टायटल कंपनी, म्हणजे घराची मालकी निर्वेध आहे का ते तपासणारी कंपनी, हा कागद हमखास मागते.