थ्रॉटल मागे सरकतोय: कंट्रोल हेडचं काम आजवर

पावसाळ्यात बोट मुंबईला पाण्याबाहेर काढली आहे, म्हणून कंट्रोल हेड (थ्रॉटल-गिअरचा लिव्हर बसवलेला डबा, केबलनं इंजिनाला जोडलेला) खोलून नागपूरला घेऊन आलो. तक्रार जुनी आहे. इंजिन २२०० आरपीएमवर लावून हात काढला की लिव्हर हळूहळू मागे येतो. एकट्यानं शीड उतरवताना हे चालणारच नाही.

डिझेल इंजिनात इंधनपंपावरच्या आर्मला स्प्रिंग कायम आयडलकडे, म्हणजे सर्वात मंद गतीकडे, ओढत असते. तिला रोखून धरतं ते मुख्यतः कंट्रोल हेडमधलं घर्षण, आणि इंजिनाचं कंपन त्याला सतत सैल करू पाहतं. बोट काढण्याआधी केबल इंजिनाकडून सोडून पाहिली होती. ती मोकळी सरकत होती, क्लॅम्प पक्का होता, लिव्हरही शाफ्टवर फिरत नव्हता. घर्षणाचा स्क्रू मात्र पार शेवटपर्यंत आवळलेला. म्हणजे दोष आतच.

उघडलं तर घर्षण देणारं पॅड काचेसारखं गुळगुळीत आणि वर ग्रीस. आधीच्या कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये सरसकट ग्रीस फासलं असणार. ते गिअरच्या खाचेला आणि पिव्हटला हवंच, पण पॅडला त्याचा स्पर्शही नको. पॅडमागचे दोन्ही डिश वॉशर (बशीसारखे खोलगट, स्प्रिंगचं काम करणारे) चपटे झालेले, त्यामुळे स्क्रू कितीही आवळा, दाब येतच नव्हता.

नवी चकती ब्रेक लायनिंगच्या तुकड्यातून हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवर कापून घेतली. जाडी जुन्या पॅडच्या न झिजलेल्या कडेवरून धरली. डिश वॉशर इतवारीत मिळाले, पण साध्या स्टीलचे. चाचणीपुरते ठीक आहेत. खाऱ्या हवेसाठी स्टेनलेसचे मागवलेत. बसवताना दिशा नीट बघा: दोन्ही एकाच दिशेनं ठेवले तर दाब साधारण दुप्पट होतो, तोंडाला तोंड लावून ठेवले तर दाब तेवढाच राहतो आणि दबण्याची जागा वाढते. मी तोंडाला तोंड लावले. पॅड थोडं झिजलं तरी दाब एकदम पडत नाही, मला तेच हवं होतं.

मग चाचणी. कंपन आणायचं कुठून? गच्चीवरचा डेझर्ट कूलर! हेड प्लायवर बसवून प्लाय कूलरच्या पत्र्याला आवळला, केबलच्या टोकाला तीन किलोचं वजन टांगलं (बोटीवर स्प्रिंगकाट्यानं मोजलेली ओढ दोनच्या आत होती) आणि पंखा फुल केला. लिव्हरवर पेन्सिलनं खूण केली होती. संध्याकाळपर्यंत लिव्हर खुणेवरून हलला नाही. फार बरं वाटलं.

तरी स्क्रू अर्धा फेरा सैलच केला. जेट्टीला लागताना लिव्हर एका हातानं झटकन न्यूट्रलला यायला हवा. तो अडकून बसणं हे मागे सरकण्यापेक्षा जास्त धोक्याचं.

आता स्टेनलेसचे वॉशर आले की नवीन नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, कंपनानं सैल न होणारा) घालून हेड बंद करतो. केबल परत टाकताना एकही वळण २०० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ ठेवणार नाही. जुन्या मार्गात बॅटरीच्या पेटीमागे तसं एक आहे, तिथला आधार हलवावा लागेल.