सही आधी, बाइक नंतर

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत रायडरने कंपनी बदलायची की नाही हे बहुतेक वेळा हंगाम चालू असतानाच ठरतं. नव्या बाइकवर बसायला मिळतं ते शेवटची शर्यत संपल्यावरच्या चाचणीत. सही आधी, बाइक नंतर. मला हे उफराटं वाटतं.

मी टेलिमेट्री, म्हणजे बाइकवरच्या सेन्सरांनी नोंदवलेले ब्रेक, थ्रॉटल, वेग यांचे आलेख, बघतो. अशाच एका चाचणीतला रायडर अजून डोक्यातून जात नाही. इनलाइन-फोरवर (चारही सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाच्या बाइकवर) मुरलेला, व्ही-फोरवर (सिलिंडर व्ही आकारात असलेल्या बाइकवर) पहिल्यांदाच बसलेला.

सकाळ बैठक जमवण्यात गेली: हँडलचा कोन, फुटपेग (पाय टेकायच्या खुंट्या), सीटचा फोम, मांड्या टाकीला कुठे टेकतात ते. किरकोळ वाटेल, पण ब्रेक मारताना अंगाचा भार मांड्यांनी पेलला नाही तर तो हातांवर येतो आणि शर्यत संपेपर्यंत हात भरून येतात. विश्वविजेता रायडर लोरेन्झो 2017 ला डुकाटी कंपनीकडे गेला, तिथला पहिला विजय मिळाला 2018 च्या इटलीतल्या मुजेलो शर्यतीत, टाकीचा आकार बदलून दिल्यावर. त्याच आठवड्यात तो होंडाकडे जाणार हे जाहीर झालं! एवढ्याशा तुकड्याला इतका उशीर का लागावा, हे मला आजही पटत नाही.

दुपारी नव्या सॉफ्ट (जास्त पकड देणाऱ्या मऊ) टायरवर आमच्या रायडरचा लॅप झकास लागला. गॅरेजमध्ये टाळ्या पडल्या. नवा मागचा टायर सगळे दोष झाकतो, म्हणून मी जुन्या टायरवरचे लॅप काढले आणि त्याच बाइकवर रुळलेल्या रायडरच्या आलेखावर ठेवले. ब्रेकचा दाब दोघांचाही सारखाच चढत होता, फरक तो सोडण्यात होता. रुळलेला रायडर ब्रेक दाबूनच आत शिरतो, बाइक चटकन वळवतो, उभी करतो आणि मगच थ्रॉटल उघडतो. आमचा मात्र वळणातला वेग टिकवायला ब्रेक लवकर सोडत होता. ब्रेक सुटला की फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) वर येतो, पुढच्या टायरवरचा भार जातो, बाइक वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. गेलेला वेळ भरून काढायला तो बाइक झुकलेली असतानाच थ्रॉटल उघडायचा. मागचा टायर घसरून तापायचा आणि प्रत्येक लॅप आधीच्यापेक्षा मंद व्हायचा.

जुन्या टीममधून सोबत आलेला क्रू चीफ (रायडरच्या बाइकची जुळणी ठरवणारा मुख्य तंत्रज्ञ) इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनामुळे कमी होणारा वेग) आणि फोर्कची उंची बदलत राहिला, नवी बाइक जुनीसारखी वाटावी म्हणून. आपला माणूस सोबत हवा हा हट्ट मला घातक वाटतो. रायडर रॉसी 2004 ला आपला क्रू चीफ बर्जेसला घेऊन यामाहाकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची पहिलीच शर्यत जिंकला हे खरं, पण तोच बर्जेस सोबत असताना डुकाटीवर 2011 आणि 2012 मध्ये एकही विजय आला नाही. रायडर मार्क मार्केझने 2024 ला होंडा सोडून डुकाटीच्या बाइक वापरणाऱ्या ग्रेसिनी टीममध्ये जाताना आपला क्रू चीफ सांती हर्नांदेझला मागे ठेवलं आणि डुकाटी आधीच ओळखणारा क्रू चीफ कारकेडी घेतला. त्याच वर्षी स्पेनमधल्या आरागॉनला तो जिंकला.

संध्याकाळी रायडरने विचारलं, “जमेल का?” मी शेवटचे लॅप उघडले. दोन संथ वळणांत त्याने कोणी न सांगता ब्रेक धरून ठेवला होता आणि थ्रॉटल उशिरा, पण एकदाच उघडला होता. त्याला म्हटलं, “हे तुझं तूच केलंस, म्हणजे जमेल. पण एका हंगामात नाही.”

करार मात्र एकाच वर्षाचा आहे. 2027 ला 850 सीसी इंजिन आणि पिरेली टायर येतील, राइड-हाइट उपकरणं (चालू शर्यतीत बाइकची उंची कमी करणारी) जातील. तेव्हा सगळेच नव्याने शिकणार. याने तोवर थांबायला हवं होतं का, याचं उत्तर मला त्या आलेखांत सापडलेलं नाही.