गाडी कधी वाजते?

चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट सुरू झाला. गाडीत पाच माणसं, डिकीत लग्नाचा आहेर, एसी फुल आणि वर मे महिन्याचं ऊन. अशा वेळी चौथा गियर सोडवत नाही आणि इंजिन बोलायला लागतं. पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे हलवावेत तसा बारीक, कोरडा आवाज. मागच्या सीटवरून लगेच निदानं सुरू. मामांच्या मते पेट्रोलमध्ये भेसळ, मावसभावाच्या मते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. घाट संपेपर्यंत गाडी विकायचंही ठरून जातं.

धुळ्याचे आमचे मिस्त्री मात्र बॉनेट उघडायच्या आधी एवढंच विचारतात, "भाऊ, कव्हय वाजस ते सांगा." सकाळी गार इंजिनला टिकटिक आणि तापल्यावर गायब, म्हणजे बहुधा टॅपेट. रेस दिली की आतून जड ठकठक आणि सोबत ऑइलचा दिवा, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं समजा. गाडी तिथेच बंद करायची, गॅरेजपर्यंत टोचन लावून न्यायची. पण चढावर वाजतं, एक गियर खाली टाकला की थांबतं, असं सांगितलं की मिस्त्री निवांत होतात. हे नॉकिंग.

प्लगची ठिणगी पडते, जाळ सिलिंडरभर पसरू लागतो. तो पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं. तो दणका भिंतींवर आदळतो. कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबानं लवकर आपोआप पेटणारं पेट्रोल, पिस्टनवर साचलेला कार्बन, जास्त ॲडव्हान्स केलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी फार आधी पडणं, कारणं बरीच. त्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, इंजिनात जाते ती हवाच भट्टीतली.

पूर्वी यावर पेट्रोलमध्ये शिसं घालत. अमेरिकेत थॉमस मिजलीनं १९२१ साली तो उपाय शोधला. टकटक थांबली, शिसं मात्र धुरातून हवेत गेलं. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. आता इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो. मायलेजची कुरकुर वेगळी.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याला चाहूल लागताच कंप्युटर टायमिंग मागे घेतो, त्यामुळे आपल्या कानावर काही येतच नाही, पिकअप तेवढा बसतो. मला वाजणारी गाडी बरी वाटते. मिस्त्री सेन्सरच्या बाजूचे, पिस्टन वाचतात म्हणून. पण हल्ली गिऱ्हाईक "गाडी ओढत नाही" याच्या पुढे काही सांगू शकत नाही, आणि त्यांनाही आधी स्कॅनर जोडावा लागतो.