व्हाइन स्ट्रीटच्या चौकातली मुंबईकर

हॉलिवूड बुलेव्हार्ड मला अजिबात आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. जुन्या इंग्रजी चित्रपटांवर जीव टाकणाऱ्या बाईनं असं बोलावं हे माझ्या भाच्याला फारसं रुचलं नाही, कारण रजा काढून, अर्व्हाइनहून ट्रॅफिकमध्ये गाडी हाकत त्यानंच मला तिथं नेलं होतं. पण खरं ते खरं. फुटपाथ कळकट, हवेत गांजाचा वास, आणि स्पायडरमॅनच्या वेषातला एक घामाघूम माणूस न विचारता खांद्यावर हात टाकतो, फोटो काढू देतो आणि मग वीस डॉलर मागतो. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर जेवढी माणसं, जेवढी खेळणी आणि जेवढी ढकलाढकली असते, तेवढी इथं भर दुपारी.

गाडी ला ब्रेआच्या बाजूला लावली होती. तिथल्या कोपऱ्यावर पोलादी छत्रीसारखा एक मंडप आहे, त्याचे चार खांब म्हणजे चार नट्या: मे वेस्ट, दोलोरेस देल रिओ, डोरोथी डँड्रिज आणि अ‍ॅना मे वाँग. लोक त्याच्या सावलीत बसून बर्गर खात होते. वर कोण उभ्या आहेत ते बघायला कुणी मान वर करत नव्हतं.

चायनीज थिएटरच्या अंगणात मात्र मी रमले. हे थिएटर १९२७ सालचं. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्सपासून सिमेंटमध्ये हातापायांचे ठसे उमटवण्याची पद्धत पडली. हॅरल्ड लॉइडनं आपला चष्मा उमटवलाय, ग्राउचो मार्क्सनं सिगार, जिमी ड्युरांटीनं नाक. मेरिलिन मन्रो आणि जेन रसेल यांनी १९५३ मध्ये शेजारी शेजारी हात टेकले, त्या फरशीभोवती गर्दी अशी की पुढच्या बाईचा पाय निघेपर्यंत तिष्ठत राहायचं. बाबांना हे सगळं दाखवायला हवं होतं. फोर्टातल्या नोकरीतून त्यांनी आम्हां बहिणींना फार काही दिलं नाही, पण रीगल, इरॉस आणि मेट्रोच्या पडद्यांची ओळख करून दिली. पुढे प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना मी एकटी जायला लागले, तरी घरी आल्यावर चित्रपटाची गोष्ट बाबांना सांगावी लागायची. त्यांनी तो चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेला असला तरी.

“मावशी, झालं ना? आता जेवूया,” भाचा म्हणाला.

“अजून एक तारा बघायचाय.”

“अगं, तारे सत्तावीसशेच्या वर आहेत.”

“मला एकच बघायचाय.”

मैलभर चालायचं होतं. गाडीनं जायला मी नकार दिला आणि त्याचा पश्चात्ताप मला नाही, माझ्या गुडघ्यांना झाला. नटनट्यांच्या नावांचे हे तारे फुटपाथमध्ये बसवलेले, म्हणजे पायाखाली असतात, ही या रस्त्याची मोठी गैरसोय. पुस्तकाला पाय लागला तरी हात कपाळाला लावायचं वळण असलेली माणसं आपण. इन्ग्रिड बर्गमनवर पाय देऊन पुढे कसं जायचं? मी नावं चुकवत नागमोडी चालत होते आणि भाचा दहा पावलं पुढे, ही बाई आपल्याबरोबर नाहीच अशा थाटात.

व्हाइन स्ट्रीटचा चौक आला, आणि थोडं पुढे, पँटेजिस थिएटरच्या समोरच्या अंगाला ती सापडली. मर्ल ओबेरॉन, जुन्या हॉलिवूडची नायिका. गुलाबी तारा, पितळी अक्षरं, खाली चित्रपटाच्या कॅमेऱ्याची खूण. शेजारी कुणीतरी सांडलेलं कोक वाळलं होतं. मी पर्समधला ओला टिशू काढून पुसायला बसले.

तेवढ्यात वॉकर घेतलेली एक आजीबाई थांबली. ऐंशीच्या पुढची, डोक्यावर टर्नर क्लासिक मूव्हीजची टोपी. म्हणाली, “हिचा तारा पुसताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही.” मग आमच्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. तिला सगळं पाठ: कुठला चित्रपट कोणत्या स्टुडिओचा, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं. मर्लचा शेवटचा नवरा रॉबर्ट वोल्डर्स पुढे ऑड्री हेपबर्नचा अखेरपर्यंतचा सोबती झाला, हे तिनं मला आणि मी तिला एकाच वेळी सांगितलं आणि दोघी हसलो. आणि मग ती सहज म्हणाली, “गोड मुलगी. ऑस्ट्रेलियातून आलेली, ना?”

“नाही हो. मुंबईची. माझ्या गावची.”

आजींचा चेहरा पडला. टास्मानिया, त्या म्हणाल्या. हॉबार्ट. सगळ्या मासिकांत तेच छापून यायचं.

यायचंच. स्टुडिओनं तशीच कथा रचली होती: जन्म हॉबार्टचा आणि जन्माची कागदपत्रं आगीत गेली. खरी मर्ल जन्मली १९११ मध्ये मुंबईत, नाव एस्टेल मर्ल थॉम्प्सन, घरात हाक ‘क्वीनी’. वाढली कोलकात्यात. जिला आई म्हणून ओळखत होती ती शार्लट सेल्बी प्रत्यक्षात आजी. जन्म दिला होता शार्लटच्या कोवळ्या वयातल्या मुलीनं, कॉन्स्टन्सनं. शार्लटचं मूळ सिलोनचं. लंडनला गेल्यावर मर्लच्या घरी ही सावळी बाई पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरायची, असं चरित्रकार लिहितात. ती वारल्यावर मर्लनं तिचं चित्र काढून घेतलं, तेही रंग उजळ करून. मुंबईत काही लोकांना कुणकुण होती. बाबांच्या ऑफिसातले एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ शपथेवर सांगायचे. पण छापील पुरावा पुढे आला तो १९८३ च्या चरित्रातून, ती जाऊन चार वर्षं झाल्यावर.

हे सगळं मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या फुटपाथवर सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण मग ती खोटं का बोलली?”

मला राग आला. आजींचा नव्हे, प्रश्नाचा. जणू काही खरं बोलण्याची सोय होती आणि बाईनं ती वापरली नाही! १९३४ पासून इथल्या चित्रपटांवर जी आचारसंहिता कडकपणे लागू झाली, तिच्यात गोऱ्या आणि काळ्या-सावळ्या माणसाचा प्रणय दाखवायलाच बंदी होती. अ‍ॅना मे वाँग, त्या मंडपाच्या खांबावरची, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली. चिनी शेतकरणीची मोठी भूमिका तिला मिळाली नाही, कारण नायक गोरा नट होता. ती गेली लुइझे रायनरला, आणि लुइझेला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मर्लनं मुंबई सांगितली असती तर ‘द डार्क एंजल’साठी १९३५ सालचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन कुठलं? २०२३ मध्ये मिशेल येओ जिंकली तेव्हा वर्तमानपत्रांना अचानक मर्लची आठवण झाली, की आशियाई वंशाची पहिली नामांकित ती. कौतुक व्हायला इतकी वर्षं थांबावं लागलं, आणि तेव्हा ती नव्हती.

पुरावा हवा तर तो त्याच चौकाच्या आसपास आहे: साबूचा तारा. साबू म्हैसूरच्या माहुताचा मुलगा. मर्लला मोठं करणारा निर्माता अलेक्झांडर कोर्डा, त्याच्याच कंपनीनं साबूलाही १९३७ मध्ये पडद्यावर आणलं. त्यानं काही लपवलं नाही, लपवणं शक्यही नव्हतं. मग काय झालं? हत्ती, जंगल, फेटा, उडती चटई. युद्धात हा माणूस अमेरिकेच्या हवाई दलात बाँबफेकी विमानाच्या शेपटीला बसून मशीनगन चालवत होता, पदक मिळवून परतला, आणि परत आल्यावरही त्याच्यासाठी जंगलच. एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. खरं सांगणाऱ्याला हत्ती मिळाला, खोटं सांगणारीला नायिका. आणि हा कोर्डा तरी कोण? हंगेरीतला ज्यू, मूळ आडनाव केल्नर. मर्लला नाव आणि जन्मगाव बदलून देणारा माणूस स्वतःच बदललेल्या नावानं जगत होता.

तिच्या चरित्रांत रंग उजळवण्याच्या प्रसाधनांचीही हकीकत येते, त्वचा बिघडवून घेईपर्यंतची. ते वाचून अमेरिकेला नावं ठेवायला मी तोंड उघडणार होते. पण आमच्याच चाळीत ‘मुलगी गोरी, नाकीडोळी नीटस’ असं लिहिलेल्या पत्रिका फिरायच्या, आणि माझ्या पत्रिकेत ‘गहूवर्णी’ लिहिण्यावरून आईबाबांत चांगली वादावादी झाली होती. तेव्हा असो.

एवढं सगळं मी आजींना बोलले नाही. निम्मंच बोलले, निम्मं आता इथं लिहितेय. त्या वॉकरवर रेलून उभ्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “रिटा हेवर्थ आधी मार्गारिटा कान्सिनो होती. कपाळावरचे केस काढून टाकले तिचे, उरलेले रंगवले.” आणि मग, “माझी आजी सोनोराची. मेक्सिकोतली. आमच्या घरात मात्र ती कायम स्पॅनिश होती. जनगणनेच्या कागदावरसुद्धा.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. भाचा घड्याळाकडे बघत होता. आजींनी त्याला बोलावलं, फोन हातात दिला आणि आमचा दोघींचा फोटो काढायला लावला, मध्ये मर्लचा तारा येईल असा. त्यासाठी त्याला चक्क फुटपाथवर ओणवं व्हावं लागलं. फोटोत आमच्या हनुवट्या भयंकर दिसतायत.

मर्लची समाधी ग्लेंडेलला फॉरेस्ट लॉनमध्ये आहे. तिथं जायचा माझा बेत होता, पण जेवायला चार वाजले आणि भाच्यानं स्मशानाचं नाव काढायचं नाही असा दम दिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून भरपाई केली. सिल्व्हर लेक नावाच्या वस्तीत व्हेन्डोम स्ट्रीटवर दोन घरांमधून एक साधा सिमेंटचा जिना वर जातो. १३३ पायऱ्या. जाड्या-रड्यांनी १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये याच जिन्यावरून पियानो वर चढवला आणि पुन्हा पुन्हा खाली घालवला, आणि विनोदी लघुपटांसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळवलं. आमचं रीगल १९३३ साली उघडलं तेही त्याच जोडीच्या चित्रपटानं, तेव्हा हा जिना चढणं मला घरचं कार्य वाटत होतं. इथं ना तिकीट, ना स्पायडरमॅन. पायथ्याशी एक लहानशी पाटी, कुणाची तरी कचऱ्याची पिंपं, आणि कुत्रा फिरवायला निघालेला एक माणूस, ज्यानं ‘तुम्हीही त्यासाठीच?’ अशा नजरेनं मान हलवली. मी मध्ये चार ठिकाणी बसले. वर पोचल्यावर दिसलं की तिथं गाडीरस्ता आहे. चित्रपटातही शेवटी पोस्टमन त्या दोघांना हेच सांगतो, आणि मग ते काय करतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. भाच्यानं चित्रपट पाहिलेला नव्हता, तो मनापासून वैतागून म्हणाला, “मावशी, आपण गाडीनं वर येऊ शकलो असतो!” मी इतकी हसले की वरच्या घरातल्या बाईनं पडदा सारून पाहिलं.

त्या रात्री घरी मी हट्टानं मर्लचा १९३९ चा ‘वदरिंग हाइट्स’ लावला. भाचा वीस मिनिटांत घोरायला लागला. भाचेसून मात्र मांडीवर लॅपटॉप ठेवून एक डोळा पडद्याकडे ठेवून होती. मी तिला सांगत होते, हा चित्रपट ज्या कादंबरीवरून काढला तिच्यातला नायक हीथक्लिफ सावळा आहे, कुठल्या देशाचा ते कुणाला ठाऊक नाही, एक पात्र तर त्याला लास्कर, म्हणजे आपल्याकडचा खलाशी समजतं. इथं त्या जागी इंग्लंडचा लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि गोऱ्या जमीनदाराची लेक कॅथी कोण, तर मुंबईची क्वीनी.

“म्हणजे सगळं उलटंच की,” ती म्हणाली.

आणि मग तो प्रसंग आला. लहानपणीची कॅथी लहानग्या हीथक्लिफला समजावते: तू वेषांतर केलेला राजपुत्र आहेस, तुझा बाप चीनचा सम्राट होता आणि आई हिंदुस्थानची राणी. हे बोलते ती बालकलाकार, पण मोठेपणी माळावरच्या खडकांत मर्ल ऑलिव्हिएला तीच आठवण देते: आपण पूर्वी म्हणायचो तसा तू माझा राजपुत्र का नाहीस? चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी हा चित्रपट प्रभात चित्र मंडळात पाहिला होता, घरी कॅसेटवर पाहिला होता, पण त्या दिवशी तारा पुसून आल्यावर ते वाक्य ऐकताना अंगावर काटा आला.

“थांबा, थांबा, मावशी, मागे घ्या,” भाचेसून म्हणाली. लॅपटॉप बाजूला ठेवला होता. “हे तिला बोलायला लावलं? माहीत असून?”

लिहिणाऱ्यांना माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. ओळ मुळात कादंबरीतल्या एका वाक्यावरून आलेली. माहीत होतं ते फक्त म्हणणारीला. आम्ही तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, नुसता चेहरा. भाचेसुनेचं म्हणणं, वाक्य संपताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येतं. मला ते दिसलं नाही. दीड वाजेपर्यंत आम्ही त्यावरून वाद घातला, आणि तेवढ्यात भाचा उठून म्हणाला की सकाळी सहाला निघायचंय, लास वेगासचं हॉटेल बुक केलंय आणि पैसे परत मिळत नाहीत.

लास वेगासबद्दल मला काहीही सांगायचं नाही.