आईच्या बाजूचं दार आणि गाडीची फॅक्टरी सेटिंग

नवी गाडी चालवायला छान आहे. जीव मेटाकुटीला आणला तो कारखान्यातूनच ठरून आलेल्या काही सेटिंग्जनी, आणि त्यातली कुठली बदलता येते, कुठली नाही, हे कुणीच धड सांगेना, यानं तर जास्तच.

दारांचंच घ्या. जरा वेग धरला की चारही दारं आपोआप लॉक होतात आणि इंजिन बंद करेपर्यंत लॉकच राहतात. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. त्यामुळे आईला मावशीच्या दाराशी उतरवायचं आणि मग मी पुढे जाऊन जागा शोधायची, ही आमची नेहमीची पद्धत. आईचे गुडघे दुखतात, तिला उतरायला वेळ लागतो. ती हँडल ओढते, दार उघडत नाही. मागून रिक्षावाले हॉर्न मारतात, ती गडबडून आणखी जोरात ओढते. मी माझ्या दारावरचं बटण चाचपडते, तोवर ती म्हणते, ‘अगं, मला कोंडलंयस का?’ परत निघताना त्याच्या उलट. बाहेरून हँडलचं बटण दाबलं की फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं, आई मागच्या दाराशी उन्हात उभी. बटण दुसऱ्यांदा दाबलं की बाकीची उघडतात.

दुसरा त्रास सिग्नलवरचा. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, ब्रेक सोडला की चालू. मे महिन्यात आमच्याकडे पारा सहज चाळिशीपार जातो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद झालं की जाळीतून नुसता वारा येतो, तोही बघता बघता कोमट होतो. हे बंद करायला बटण आहे, पण गाडी पुन्हा सुरू केली की ते चालूच्या जागी येऊन बसलेलं असतं. आणि 80 चा वेग ओलांडला की येणारी बीप, ती वेगळीच.

पहिल्या सर्व्हिसला मी हे तिन्ही प्रश्न सर्व्हिस ॲडव्हायझरपुढे ठेवले. तिन्हींना एकच उत्तर मिळालं, ‘मॅडम, ए तो कंपनी सेटिंग छे, बदलाय नहीं.’ मी विचारलं, तिन्ही? ‘तिन्ही.’ इतक्या खात्रीनं बोलला की कुणीही गप्प घरी गेलं असतं. मला मात्र ते पटेना, कारण हे तीन प्रश्न एका जातीचे दिसतच नव्हते.

गाडीबरोबर हातात मिळतं ते पुस्तक हल्ली पातळ असतं. पूर्ण माहितीपुस्तिका पीडीएफमध्ये असते, काहीशे पानांची. ती डाउनलोड केली आणि रात्री बसून चाळली. शेवटाकडे एक तक्ता सापडला. त्यात प्रत्येक सोयीपुढे मूळ सेटिंग, पर्याय, आणि बदल कुणी करायचा याची खूण दिलेली. काही मालकानं स्क्रीनवरून, काही फक्त अधिकृत वर्कशॉपनं स्कॅनर लावून. दारं दुसऱ्या गटात होती. लॉक कधी व्हावीत, कधी उघडावीत, एका दाबात एक दार की सगळी, सगळ्याला पर्याय दिलेले. त्यात ‘गिअर पी (पार्किंग) मध्ये टाकताच चारही दारं अनलॉक’ हा पर्याय छापलेला होता. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

कस्टमर केअरला मेल केली. पहिलं उत्तर साचेबद्ध आलं, ही गाडीची प्रमाणित रचना आहे वगैरे. मग पान क्रमांक आणि तक्त्यातली ओळ लिहून पुन्हा पाठवली, पानाचा फोटो जोडला. या वेळी उत्तर सरळ आलं, वर्कशॉपमध्ये करून मिळेल. ती मेल छापून घेऊन गेले. ॲडव्हायझरनं ती दोनदा वाचली आणि आतून एका तरुण टेक्निशियनला बोलावलं. जॉब कार्डवर कामाचं नाव स्पष्ट लिहा, असा मी आग्रह धरला, नुसतं ‘जनरल चेकअप’ चालणार नाही म्हटलं.

त्या मुलानं स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळच्या सॉकेटमध्ये स्कॅनरची वायर जोडली. टॅबवर इंजिन, ब्रेक, एअरबॅग अशी यादी आली. त्यातून तो दरवाजे-दिव्यांच्या भागात शिरला, ‘कस्टमाइज’ उघडलं, दोन ओळींतले पर्याय बदलले आणि सेव्ह केलं. मला म्हणाला, ‘बेन, हवे चेक करो.’ मी एक फेरी मारून आले, गिअर पी मध्ये टाकला, आणि खटकन् चारही खटके एकदम वर आले. ज्याला ‘बदलाय नहीं’ म्हटलं होतं, ते एक कप चहा संपायच्या आत झालं. राग आला तो याचाच. हा पर्याय कंपनीनं स्वतः दिलाय, स्वतःच छापलाय, आणि समोर बसलेल्या माणसाला तो ठाऊक नाही.

सिग्नलवर इंजिन बंद होण्याचं काही त्या यादीत नव्हतं. त्याचं कारण मग मी शोधून वाचलं. आपल्याकडे कंपन्यांना विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी एका मर्यादेत ठेवावी लागते. 2017 पासून ती किलोमीटरमागे साधारण 130 ग्रॅम होती, 2022 पासून 113 झाली. गाडीची चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार होते, आणि त्यातल्या शहरी भागात गाडी वारंवार नुसती उभी असते. तेवढ्या वेळात इंजिन बंद राहिलं तर आकडा सुधारतो. पण चाचणी होते ती गाडी सुरू करताच जी स्थिती असते तिच्यात. म्हणून बटणाला कालचं काही आठवू दिलेलं नाही. इंधन वाचावं हे मला मान्यच आहे, आणि हिवाळ्यात मी ते चालूच ठेवते. पण उन्हाळ्यात मागे सत्तरीची आई बसली असताना निर्णय माझा असावा, आणि तो गाडीनं लक्षात ठेवावा.

ओळखीतून एक कोडिंगवाला भेटला. त्याच सॉकेटमध्ये छोटा डोंगल लावून दहा मिनिटांत कायमचं बंद करून देतो म्हणाला. बटणाच्या मागे बसवायचं, शेवटची स्थिती लक्षात ठेवणारं एक यंत्रही मिळतं. मी दोन्हीला नाही म्हटलं. गाडी वॉरंटीत आहे आणि उद्या वायरिंगमध्ये काही झालं तर बोट याच्याकडेच दाखवलं जाणार. तेव्हा बेल्ट लावला की लगेच बटण दाबायचं, अशी हाताला सवय लावून घेतली आहे.

80 ची बीप मात्र कायद्यानं आलेली आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना सक्तीची झाली. 80 च्या वर थांबून थांबून बीप, 120 च्या वर सलग. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर कारची मर्यादाच 100 आहे, म्हणजे 93 किलोमीटरचा अख्खा रस्ता नियमात चालवूनही बीप सोबतीला असते. ती खटकते, पण तिला हात लावू नये असंच माझं मत आहे. ॲक्सेसरीजच्या दुकानात मला बेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप दाखवली, बेल्टच्या आठवणीचा आवाज बंद होईल म्हणून. बेल्ट न लावता गाडीला फसवायची ती वस्तू. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन बाजारांना अशा क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी दुकानातून त्या गेलेल्या नाहीत. दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं, हे विकू नका.

नंतर एका सर्व्हिसमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि दारं पुन्हा मूळ सेटिंगवर गेली. आईनं हँडल ओढलं तेव्हाच कळलं. तसंच उलट फिरून गेले, जुनं जॉब कार्ड पुढे केलं. कामाचं नाव त्यावर लिहिलेलं असल्यामुळे कुणी वाद घातला नाही, काउंटरवरून सरळ स्कॅनर मागवला. त्या पानाची आणि मेलची छापील प्रत आता मी गाडीच्या कागदांतच ठेवली आहे. कोणाला हवी असेल तर आधी आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेतला तक्ता बघा, प्रत्येक गाडीचा तो वेगळा असतो.